आढ्यापासून जोत्यापर्यंत

कोकणातल्या घराचे निर्णय बहुधा गणपतीत होतात. मुंबई, पुणे, बडोदा असे पांगलेले भाऊ-चुलतभाऊ एका छपराखाली येतात ते त्याच पाच-सात दिवसांत. भाद्रपद असल्यामुळे घराची दुखणीही नेमकी तेव्हाच उघडी पडलेली असतात. माजघरात गळतीखाली पातेलं ठेवलेलं असतं, ओटीच्या कोपऱ्यातली भिंत ओली असते आणि आरतीनंतर पानावर बसता बसता कुणीतरी विषय काढतो, ‘‘दादा, किती वर्षं डागडुजी करत राहायचं? पाडून नवीनच बांधू या ना एकदाचं.’’ दुसऱ्या दिवशी गावातल्या ठेकेदाराला बोलावणं जातं. तो चहा घेतो, भिंतीवर दोन थापा मारतो, वर माळ्याकडे बघतो आणि सांगतो, ‘‘यात पैसे घालू नका. नवीन स्वस्तात पडेल.’’

ठेकेदार खोटं बोलत नसतो. नव्या घराचा हिशेब त्याला चौरस फुटाच्या दरानं उभ्या उभ्या सांगता येतो. जुन्या घराची कौलांची एक रांग उतरवली की खाली काय निघेल, हे मात्र त्याला माहीत नसतं. वासा कुजलेला निघाला तर तो खर्च कुणाचा, यावरून मालकाशी वाद ठरलेला. शिवाय त्याच्याकडची माणसं सळ्या बांधण्यात आणि काँक्रीट ओतण्यात तरबेज. मातीत चिरा बसवणारा गवंडी आणि जुन्या तुळईला सांधा देणारा सुतार त्याला पंचक्रोशीत शोधावा लागतो. तेव्हा त्यानं दिलेलं उत्तर त्याच्या धंद्यापुरतं बरोबर असतं. घराबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही.

‘पाडायचं की राखायचं’ हा प्रश्नच मुळात स्लॅबच्या घरांनी आणलेला आहे. त्याआधीचं घर ही एकसंध वस्तू नव्हती. जोतं शंभर-दीडशे वर्षांचं असायचं, भिंती त्याच्या खालोखाल, खांब आणि तुळया दोन-तीन पिढ्यांच्या, वासे आणि रिपा एखाद्या पिढीपुरत्या, आणि वरचं गवत तर वर्षा-दोन वर्षांचं. प्रत्येक भागाचं आयुष्य वेगळं आणि प्रत्येक भाग बाकीच्यांना धक्का न लावता सुटा होणारा. आज आपण ज्याला ‘आजोबांचं घर’ म्हणतो त्यातले कितीतरी वासे बाबांच्या काळातले असतात आणि पुढची पडवी काकांनी काढलेली असते. असं घर कायम थोडं पडत आणि थोडं बांधलं जात आलेलं आहे. म्हणून त्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा तर आढ्यापासून जोत्यापर्यंत एकेक भाग घेऊन विचारावं लागतं : यातलं नेमकं संपलंय काय?

बहुतेक वेळा संपलेलं असतं ते छप्पर. ते संपण्यासाठीच असतं. नळ्यांची कौलं होती तेव्हा दरवर्षी वैशाखात माणसं छपरावर चढून कौलं चाळायची, फुटकी काढून नवी घालायची. पाऊस तोंडावर आला की शाकारणीला माणूस मिळत नसे. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारं चपटं कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरत गेलं. ते हलकं, एकसारखं आणि कमी सांडणारं होतं, त्यामुळे वर्षाची शाकारणी चार-पाच वर्षांवर गेली. पण ती सुटली नाही. घर बंद करून मंडळी शहरात गेली, छपरावर कुणी चढेनासं झालं आणि एका सरकलेल्या कौलानं आठ-दहा वर्षांत खालचा वासा, मग तुळईचं टोक, मग भिंतीचा माथा असं करत घर खाली आणलं. त्यात अलीकडे माकडांची भर पडली. आज कोकणात कौलं उतरवून पत्रा घालणाऱ्याला कारण विचारलं, तर दहातले बरेच जण माकडांचंच नाव घेतील.

कौलं उतरवून पत्रा टाकताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कौलारू छपराचं वजन, वासे-रिपा धरून, चौरस मीटरला शंभर किलोच्या आत-बाहेर भरतं. जुन्या घराचं छप्पर भिंतीला फारसं बांधलेलं नसतं. आपल्याच वजनानं ते बसलेलं असतं. पत्र्याचं वजन कौलांच्या वजनाच्या थोड्याशा भागाइतकंच असतं. म्हणजे छप्पर बदललं आणि ते धरून ठेवणारं वजनही काढून टाकलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडच्या बाजूला कौलंही उडाली आणि पत्रेही. फरक इतकाच की कौलं सुटी सुटी उडतात, तर पत्र्याचं पाखं अख्खं उचललं जाऊन दुसऱ्याच्या अंगणात पडतं. पत्राच घालायचा तर भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात बोल्ट बसवावेत आणि सांगाडा त्यांना आवळावा. सध्या गावोगाव लोखंडी पाइपांचा सांगाडा करून त्यावर पुन्हा कौलं बसवतात, कुणी कौलांच्या खाली पत्र्याचा एक थर देतात. दिसायला थोडं कोरडं वाटतं, पण वाळवी आणि गळती दोन्ही आटोक्यात येतात. मला तो मार्ग पटतो.

उलट टोकाची चूक म्हणजे जुन्या भिंतींवर स्लॅब टाकणं. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं, म्हणजे कौलारू छपराच्या तिप्पट. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत ते उभं वजन कदाचित पेलेलही. भूकंपात तेवढं वजन माथ्यावर आडवं हलू लागलं तर ती पेलणार नाही. जुन्या भिंतींचा हिशेब जुन्या छपराशी जमलेला असतो. छप्पर बदललं की तो पुन्हा मांडावा लागतो, आणि तो मांडायला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, ठेकेदार नव्हे. सल्ला देणारा आणि काम घेणारा माणूस एकच नसावा, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मे चुकीचे निर्णय टळतील.

आता भिंती. जांभा हा विलक्षण दगड आहे. खाणीत तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो, आणि हवेत उघडा पडला की त्यातलं लोह घट्ट होत जाऊन टणक बनतो. चांगला चिरा कोकणातला पाऊस शंभर वर्षं खातो. कच्ची असते ती दोन चिऱ्यांमधली माती. तिला सतत पाणी लागलं की ती वाहून जाते, आणि चिरे एकमेकांवर नुसते टेकलेले उरतात. म्हणून जुन्या लोकांनी सगळी अक्कल पाणी भिंतीपासून लांब ठेवण्यात खर्च केली होती. वळचण दोन-तीन हात पुढे काढायची, भोवती पडवी फिरवायची, जोतं कमरेइतकं उंच घ्यायचं, पावसाळ्यात झडीच्या बाजूला चुडतांची झापं बांधायची, पागोळ्यांचं पाणी पन्हळीनं पुढे न्यायचं. हे पाणी किती वाईट असतं ते पुण्यानं १२ जुलै १९६१ ला पाहिलं. पानशेतचं धरण फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमधल्या मातीत बांधलेल्या वाड्यांना लोंढ्याचा धक्का बसला, तसंच काही तास पाण्यात उभं राहावं लागलं. कितीतरी भिंती भिजून खाली बसल्या.

ओल कुठून येते हे शोधणं हेच जुन्या घराच्या तपासणीतलं सर्वांत मोठं काम. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढते आणि तिथे थांबते. तिची वरची रेघ भिंतीवर वाचता येते, आणि त्या रेघेशी लोणा फुटलेला असतो. छपरातून येणारी ओल वरून खाली ओघळते. झडीची ओल फक्त नैर्ऋत्येच्या भिंतीला असते. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, आणि तिन्हींसाठी लोक एकच उपाय करतात : सिमेंटचा गिलावा. माती किंवा चुन्याची भिंत श्वास घेते. म्हणजे आत आलेलं पाणी तिच्या पृष्ठभागातून सुकत राहतं. सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग चढवला की वाट बंद होते, ओल गिलाव्यामागे अडकून वर चढते, क्षार साठतात आणि चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. सारवणाची जमीन काढून चकचकीत लाद्या बसवल्या की त्याचंही हेच होतं. जमिनीतून निघून जाणारी वाफ आता भिंतीकडे वळते. मग घरमालक म्हणतो, ‘‘जुन्या घराला ओल असतेच.’’ यातली बरीचशी ओल त्यानंच वीस वर्षांपूर्वी पैसे देऊन आत कोंडलेली असते. अशा घरात पाडापाडीच्या आधी गिलावा खरवडून भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवावी, मग चुन्याचा गिलावा द्यावा. कळीचा चुना विरवून नीट मुरवणारा माणूस मिळवणं हे यातलं खरं अवघड काम.

भेगांचं तसं नाही. त्या बऱ्याच बोलक्या असतात. भेगेच्या आत धूळ, जाळी, जुन्या रंगाचे ओघळ असतील तर ती जुनी आणि बहुधा शांत झालेली. कडा स्वच्छ आणि तीक्ष्ण असतील तर ती नवी. संशय असेल तर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवतात आणि तारीख लिहून ठेवतात. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. भेग पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी गेली असेल तर पायाचं एक टोक बसलंय, आणि मग आसपास विहीर, सेप्टिक टँक किंवा मोठं झाड आहे का ते बघायचं. कोपऱ्यावरची भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर भिंत बाहेर ढकलली जातेय. त्याचं कारण पुष्कळदा माळ्यावर सापडतं : डोकं आपटतं म्हणून कुणीतरी मधली आडवी तुळई कापलेली असते. तुळई होती तोवर ती दोन्ही भिंतींना धरून होती. ती गेली आणि वाशांनी भिंती बाहेर रेटल्या. असं दुखणं तुळई परत बसवून किंवा लोखंडी ताण देऊन बरं होतं. भिंतीनं पोट काढलं असेल, ओळंबा सोडल्यावर ती मध्येच दोन-तीन इंच पुढे आलेली दिसत असेल, तर मात्र तेवढा भाग उतरवून पुन्हा रचण्याला पर्याय नाही. तेवढा भाग, सगळं घर नव्हे.

लाकडाबद्दल लोक उगाच घाबरतात. वाळवीची माती दिसली की घर गेलं असं समजतात. वाळवीनं ऐन किंवा किंजळाचा बाहेरचा पांढरा थर खाल्लेला असतो, आतला गाभा कित्येकदा शाबूत असतो. सुतार तुळईवर हातोडीनं ठोकत जातो आणि आवाजावरून सांगतो. टोकदार सुरी किती आत जाते त्यावरूनही कळतं. लक्ष द्यायचं ते तुळईच्या टोकांकडे, जिथं ती भिंतीत शिरते. तिथं हवा नसते, ओल असते आणि कूज तिथूनच सुरू होते. मधली तुळई ठणठणीत आणि टोक भुसभुशीत, असं नेहमी आढळतं. टोक कापून नवा तुकडा सांध्यानं जोडता येतो किंवा खाली लोखंडी आधार देता येतो. गेल्या पिढीतले सुतार हे काम विचार न करता करायचे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हे जुन्या घरांचं वकीलपत्र आहे. तसं नाही. जांभ्याची भिंत चौकोनी चिऱ्यांची असते, एकावर एक नीट बसते. देशावर, विशेषतः मराठवाड्यात, काळ्या गोट्यांच्या भिंती आहेत, आणि त्यांची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर गावं गाढ झोपलेली असताना, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या मापानं हा काही महाभूकंप नव्हे. तरीही हजारो माणसं गेली, आणि ती भूकंपानं मेली त्याहून जास्त आपल्याच घरांखाली मेली. त्या भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड होत्या आणि म्हणून भक्कम वाटायच्या. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या भिंती होत्या. आतली एक, बाहेरची एक, दोन्ही गोल दगडांच्या, आणि मधल्या पोकळीत माती आणि कपच्या भरलेल्या. दोघींना एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असायचा. वर धाब्याचं छप्पर होतं. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा नवा थर पडत गेलेला, जाडी फूट-दीड फूट. हादऱ्यानं दोन्ही भिंती एकमेकींपासून सुटून बाहेर फुगल्या आणि वरची टनावारी माती खाली आली. अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा आतला सांगाडा उभाच राहिला होता. पडल्या त्या भिंती.

त्यानंतर सरकारनं बावन्न गावं पूर्ण नव्यानं वसवली, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते दुसऱ्या कामाबद्दल. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या त्याच पुनर्वसन कार्यक्रमात सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि बळकटी करण्यात आली. युक्ती साधी होती. भिंतीत ठरावीक अंतरांवर आरपार भोकं पाडायची, त्यात आकडे वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. म्हणजे जो आरपार दगड घालायचा राहिला होता तो पन्नास वर्षांनी घातला जायचा. छपरावरची जास्तीची माती उतरवायची, कोपऱ्यांना जाळी बांधून गिलावा द्यायचा, खिडक्या-दारांच्या वर आडवा पट्टा फिरवायचा. दुरुस्ती आणि बळकटीसाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानक १९९३ सालचंच आहे. तरी लोकांच्या मनातून दगड उतरला तो उतरलाच. आपल्याच दगडांखाली गाडल्या गेलेल्या माणसांना ‘दगड वाईट नाही, बांधणी वाईट होती’ हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणं सोपं नव्हतं, आणि त्यांना त्याबद्दल कुणी नावं ठेवू नयेत. मराठवाड्यात आजही अशी दुहेरी भिंतींची, जाड धाब्याची घरं उभी आहेत. तिथं राहणाऱ्यानं ‘पाडू की ठेवू’ याचा खल वर्षानुवर्षं करत बसू नये. धाब्यावरची माती या उन्हाळ्यातच अर्धी करावी, मग पुढचं ठरवावं.

आणि आरसीसी? इथं खरोखरच घर एकसंध आहे, म्हणून प्रश्नही एकसंध होतो. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास, आणि त्या वातावरणात आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, अल्कता कमी करत जातो, आणि तो थर सळईपर्यंत पोचला की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. छताचे पोपडे पडून सळ्या दिसू लागतात तो हाच टप्पा. समुद्रकाठी मिठामुळे हे लवकर होतं, आणि खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर फारच लवकर. कोकणात ऐंशी-नव्वदच्या दशकात हौसेनं बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या आज गळक्या आणि त्यांच्या मागचं पणजोबांचं चिऱ्याचं माजघर कोरडं, असं दृश्य म्हणून दिसतं.

इथली एक परीक्षा मला फार आवडते. काँक्रीटचा ताजा कपचा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव फवारतात. अल्कता शिल्लक असेल तिथं तो गर्द गुलाबी होतो, संपली असेल तिथं रंगहीन राहतो. रंगहीन थर सळईच्या अलीकडे थांबला असेल तर दुरुस्तीला अर्थ आहे. सळईच्या पलीकडे गेला असेल आणि तेच सगळीकडे दिसत असेल, तर खांबांना कितीही जाकिटं घाला, पैसे गंजात जातात. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानं बंधनकारक आहे. अहवालात इमारतीला वर्ग मिळतो : सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. सोसायटीचा पुनर्विकास हा मात्र स्वतंत्र विषय. २०१९ च्या शासन निर्णयानं त्यासाठी एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरते. तिथं काँक्रीटच्या तब्येतीपेक्षा वाढीव चटईक्षेत्राचा भाव जास्त बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सभेत कुणी म्हणत नाही.

आता पैसे. दुरुस्तीचा अंदाज नेहमी वाढतो, कारण घर उघडल्यावर काहीतरी निघतंच. अंदाजावर वीस-पंचवीस टक्के राखून ठेवावेत. पण नव्या घराचा अंदाजही पूर्ण नसतो. त्यात पाडण्याचा आणि राबिट हलवण्याचा खर्च, नकाशा-परवानगीची फी, वर्ष-दीड वर्षाचं भाडं, कुंपण आणि गडगा हे सहसा धरलेलं नसतं. त्याहून मोठी गोष्ट जागेची. जुनं घर गावठाणात शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून उभं असतं. नव्या नियमांत चारी बाजूंना अंतर सोडायचं म्हटलं की घर तितकंच बारीक होतं. किनाऱ्याजवळ तर आणखी पेच आहे. सीआरझेडच्या ना-विकास पट्ट्यात अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण मूळ जोत्याच्या क्षेत्रफळाच्या आणि मूळ चटईक्षेत्राच्या बाहेर न जाता. आणि ‘अधिकृत’ हा शब्द तिथं फार महत्त्वाचा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, जुनी घरपट्टीची पावती, प्रॉपर्टी कार्ड किंवा स्वामित्व योजनेतली गावठाणाची मोजणी यांपैकी काहीच हाताशी नसताना घर भुईसपाट केलं, तर ते तिथं होतं हे नंतर सिद्ध कसं करणार?

कागदांवरून हिस्सेदारांकडे यावंच लागतं. कोकणातलं घर एकाचं क्वचितच असतं. असेसमेंटला आजोबांचं नाव, वारस अकरा, त्यातले दोन परदेशी आणि एकाशी बोलणं बंद. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि मुलांचा निम्मा हिस्सा काढून घेता येत नाही. न्यायाच्या दृष्टीनं हे उत्तमच. त्याचा एक परिणाम म्हणजे चार-पाच पिढ्यांत एका मोठ्या घराला चाळीस-पन्नास मालक होतात आणि साल्सेतमधली देखणी घरं कुलूप लावून पडतात. नव्या बांधकामाच्या परवानगीला सगळ्यांच्या सह्या लागतात. छपराच्या दुरुस्तीला बहुधा कुणी हरकत घेत नाही. व्यवहारात कितीतरी घरं केवळ या एका कारणानं राखली गेली आहेत, वास्तुप्रेमानं नव्हे. तसंच उलटही. ज्याच्या खिशातून छप्पर होतं त्याला पुढच्या वाटणीत ते पैसे मोजून मिळत नाहीत, म्हणून कुणीच पुढे येत नाही. दुरुस्तीच्या आधी साध्या कागदावर, कुणी किती घातले आणि वाटणीत ते कसे धरायचे, एवढं लिहून सगळ्यांनी सह्या केल्या तर पुष्कळ घरं वाचतील.

शेवटी एक गोष्ट घरातल्या बायकांना विचारायची, जी ठेकेदार विचारत नाही आणि भाऊही विचारत नाहीत. नवं घर कशासाठी हवं आहे? उत्तर ऐकलं तर ते बऱ्याचदा घराबद्दलचं नसतं. रात्री परसदारी न्हाणीपर्यंत जावं लागतं, स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो, सासूबाईंना उंच उंबरा ओलांडता येत नाही, सुनेला दार लावून बसायला एक खोली नाही. या चारही तक्रारी रास्त आहेत आणि चारही मागच्या पडवीत दोन खोल्या आणि स्वच्छतागृह काढून, छपरात चार काचेची कौलं घालून, एक भिंत उघडून सुटण्यासारख्या आहेत. नवं बांधकाम जुन्या भिंतीला न जोडता थोडी फट ठेवून करावं, कारण दोन्ही वेगवेगळ्या वेगानं बसतात. ज्या घरात हे करूनही भागणार नाही, जिथं माणसं वाढली आहेत किंवा वर मजला हवाच आहे, तिथं खुशाल नवं बांधावं. पणजोबांनीही त्यांच्या आजोबांचं घर पाडूनच हे बांधलं होतं.

पाडायचंच ठरलं तर जेसीबी सगळ्यात शेवटी बोलवायचा. आधी फोटो आणि पट्टीनं मोजून काढलेला नकाशा, मग कौलं, रिपा, वासे, चौकटी, तुळया आणि खांब या क्रमानं घर हातानं उतरवायचं. जुन्या लाकडाचा व्यापारी आला तर सागाच्या तुळईचा भाव आजच्या नव्या सागाशी तुलना केल्याशिवाय ठरवायचा नाही. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता वखारीत मिळत नाही. जोतं मजबूत असेल तर इंजिनिअरला दाखवून त्यावरच बांधता येतं का ते विचारायचं. चिरे उतरवून मागच्या अंगणात रचायचे, गडग्याला, विहिरीच्या कठड्याला किंवा नव्या घराच्या आतल्या भिंतींना ते पुन्हा लागतात. मातीत बसवलेले चिरे पहारीच्या एका टेकूनं सुटतात आणि एका पावसात धुऊन निघतात. सिमेंटात बसवलेला चिरा मात्र फुटल्याशिवाय निघत नाही.